दोन, तीन, पाच आणि अधिक महिना

लेगो या विटा जोडायच्या प्लास्टिकच्या खेळण्यात यंत्रं बांधायचा टेक्निक नावाचा प्रकार आहे; त्यातले गिअर एकदा टेबलावर ओळीनं मांडून बघा. ८ दात्यांचा, मग १२, १६, २०, २४, ३६ आणि ४०. नेहमी हाताशी येणारे एवढेच. या आकड्यांचे अवयव पाडले की तीनच मूळ संख्या उरतात: २, ३ आणि ५. हल्लीच्या डिफरेन्शिअलच्या (दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारा भाग, तो पुढे येईलच) कवचावर २८ दाते असतात, तिथून एक ७ मिळू शकतो, पण त्याची जागा अशी अडचणीची की तो सहज वापरता येत नाही. ११ नाही, १३ नाही, १७ नाही, १९ नाही. गिअरला गिअर लावला की गुणाकार होतो किंवा भागाकार होतो, तिसरं काही होत नाही. म्हणजे २, ३ आणि ५ यांच्या गुणाकार-भागाकारातून जे गुणोत्तर निघत नाही, ते डबाभर गिअर जोडले तरी निघणार नाही.

आणि मला १९ हवा होता. अधिक महिन्यासाठी.

अमावास्या ते अमावास्या असा चंद्राचा महिना सरासरी २९.५३ दिवसांचा. असे बारा महिने ३५४ दिवसांत संपतात आणि सूर्याच्या वर्षाला अकरा दिवस कमी पडतात. ते भरून काढायला आपण अधिक महिना धरतो. ज्या चांद्रमासात सूर्य रास बदलत नाही, म्हणजे ज्यात संक्रांतच पडत नाही, तो अधिक. आमच्या घरी तो धोंड्याचा महिना. जावयाला अनारसे, देवापुढे दिवे, आजीचं रोज सकाळी देवळात जाणं. त्याच्या मागचा हिशेब मी खूप उशिरा वाचला आणि वाचल्यापासून तो डोक्यातून गेला नाही. १९ वर्षांत २३५ चांद्रमास जवळजवळ बिनचूक बसतात. १९ गुणिले १२ म्हणजे २२८, वर उरले ७; तेच सात अधिक महिने. २००७ पासून २०२५ पर्यंतची १९ वर्षं घ्या. अधिक महिने आले ते २००७, २०१०, २०१२, २०१५, २०१८, २०२० आणि २०२३ मध्ये. सात. २००४ मध्ये अधिक श्रावण होता, १९ वर्षांनी २०२३ मध्ये पुन्हा अधिक श्रावण. २००७ चा अधिक ज्येष्ठ २०२६ मध्ये परत. २३५ चांद्रमासांचे दिवस होतात ६९३९.७ आणि १९ ऋतुवर्षांचे, म्हणजे ऋतूंवरून मोजलेल्या वर्षांचे, ६९३९.६, फरक साधारण दोन तासांचा. आपली पंचांगं ताऱ्यांवरून मोजलेलं नाक्षत्र वर्ष धरतात, ते किंचित मोठं असतं, तरीही फरक काही तासांच्या पलीकडे जात नाही.

हा हिशेब मला चालताना बघायचा होता. एक हँडल, एक वर्षाचा काटा, एक चंद्राचा काटा. वर्षाच्या काट्याचे १९ फेरे झाले की चंद्राच्या काट्याचे २३५ व्हायला हवेत, दोन्ही काटे परत सुरुवातीच्या खुणेवर. आणि जमलं तर त्याच चंद्राच्या दांडीवरून माहीमच्या खाडीत पाणी कधी चढतं तेही.

मुलगी म्हणाली, "आई, थ्रीडी प्रिंटरवर १९ दात्यांचा गिअर काढून घे ना. एका दुपारचं काम आहे." खरंच आहे. नागदेवी स्ट्रीटच्या बाजूला फिरलं तर पितळेत कापून देणाराही कुणी भेटेल. पण मग माझ्या हातात एक १९ दात्यांचं चाक येईल आणि मी ते बसवीन, एवढंच. डब्यात जे आहे त्यातूनच ते काढायचं म्हटलं की १९ ही संख्या आतून कशी आहे ते बघावं लागतं. मला या विटांचं वेड आहे ते यासाठी. त्यांच्यात झाकपाक चालत नाही. दांडी अडकली तर अडकली, गुणोत्तर चुकलं तर काटा दुसरीकडे जातो, आणि का गेला ते उघड्यावर दिसतं. बोट ठेवून मागे मागे जात तपासता येतं.

मापाच्या बाबतीत हे जग फार कडक आहे. डेन्मार्कमधल्या बिलुंड गावच्या कंपनीनं या विटेच्या आजच्या रचनेचं पेटंट २८ जानेवारी १९५८ ला नोंदवलं, आणि तेव्हाची वीट आजच्या विटेवर बसते. १९७० मध्ये गिअर आले, १९७७ मध्ये भोकांच्या विटा आणि दांड्या घेऊन टेक्निक. विटेच्या डोक्यावरच्या एका बटणाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत ८ मिलिमीटर, विटेची उंची ९.६, चपट्या पट्टीची ३.२. आडवं अंतर ८ च्या पटीत आणि उभं ९.६ च्या, त्यामुळे भोकांच्या दोन विटा नुसत्या एकीवर एक ठेवल्या तर गिअरांना हवं ते अंतर मिळत नाही. मधे दोन पट्ट्या घालायच्या. ९.६ अधिक ६.४, बरोबर १६, म्हणजे दोन बटणं. ही युक्ती पहिल्यांदा कळते तेव्हा मन अगदी प्रसन्न होतं.

गिअरांचं माप तर आणखी सरळ. जितके दाते तितक्या मिलिमीटरचा व्यास. दोन गिअर एकमेकांत नीट बसायचे तर त्यांच्या दांड्यांमधलं अंतर दोघांच्या दात्यांच्या बेरजेच्या निम्मं लागतं. ८ आणि २४ घेतले तर १६ मिलिमीटर. भोकांवर सरळ बसतं. म्हणजे तिप्पट फुकट मिळाली. ८ आणि ४० घेतले तर २४, पाचपटही फुकट. आता ८ आणि १६ ची दुप्पट बघा. अंतर येतं १२ मिलिमीटर, दीड बटण. सगळ्यांत साधं वाटणारं गुणोत्तर नेमकं अर्ध्या भोकावर येतं. त्यासाठी एकाच बटणाची छोटी वीट लागते, जिचं भोक बटणाच्या बरोबर खाली असतं, कारण लांब विटांची भोकं दोन बटणांच्या मधे येतात. कागदावर २, ३, ५ सारखेच. हातात घेतले की तीन आणि पाच मनमोकळे, दोन अडून बसणारा. संख्यांना असा स्वभाव असतो हे मला शाळेत गणित शिकताना कधी जाणवलं नव्हतं.

घड्याळ या डब्यातून आपोआप निघतं. ६० म्हणजे २ × २ × ३ × ५. तास-मिनिटं घ्या किंवा दिवसाच्या ६० घटिका आणि घटिकेची ६० पळं घ्या, माणसानं आपल्या सोयीनं पाडलेले वेळेचे भाग २, ३, ५ मध्येच बसतात. राजाबाई टॉवरच्या घड्याळात मिनिट काटा आणि तास काटा यांच्यामधलं १२ चं गुणोत्तर माझ्या टेबलावर तीन जोड्यांत होतं: तिप्पट, दुप्पट, दुप्पट. चंद्रानं मात्र आपला वेग ठरवताना माणसाची सोय पाहिलेली नाही.

तर मग १९. गुणाकारानं येणार नाही हे नक्की. १९ मूळ संख्या आहे. बेरजेनं आणायचा. पण चाकांकडून बेरीज कशी करून घ्यायची?

बस-टॅक्सीच्या मागच्या दांडीवर मधोमध जो गोळा दिसतो, तो डिफरेन्शिअल. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर धावावं लागतं, आतल्याला कमी, आणि इंजिन तर एकच. डिफरेन्शिअल दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरू देतो, फक्त दोघांच्या फेऱ्यांची सरासरी कवचाच्या फेऱ्यांइतकी राहते. हे मला माहीत होतं. तो उलटाही वापरता येतो हे आमच्या मजल्यावरच्या काकांनी सांगितलं. काका परळच्या एका गिरणीत फिटर होते. ८२ चा संप झाला तेव्हा तिशीच्या आतले. संध्याकाळी दार उघडं दिसलं की डोकावतात. त्या दिवशी त्यांनी टेबलावरचा प्लास्टिकचा डिफरेन्शिअल उचलला, एका बाजूची दांडी एका हातात, दुसरी दुसऱ्या हातात धरून दोन्ही फिरवल्या आणि कवचाकडे बघत राहिले.

"अगं, हे तर आमच्या रोव्हिंगच्या मशीनमधलं."

मग उभ्या उभ्याच त्यांनी सगळं सांगितलं. सूत कातायच्या आधी कापसाचा पेळू बारीक करून बॉबिनवर गुंडाळतात. बॉबिन भरत जाते तशी जाड होते. जाड झाली की एका फेऱ्यात जास्त पेळू ओढला जाणार आणि तो तुटणार; तेव्हा बॉबिनचा वेग थर वाढेल तसा थोडा थोडा बदलत न्यावा लागतो. "एक वेग कायमचा, मेन शाफ्टवरनं. दुसरा कोनच्या पट्ट्यावरनं, तो बदलता. दोन्ही ह्याच्या पोटात येतात आणि एक होऊन बॉबिनला जातात. पट्टा एवढा सरकला तरी," त्यांनी नखाचं टोक दाखवलं, "बॉबिनला कळतं."

दोन वेग पोटात येतात आणि एक होऊन जातात. गिरणगावातल्या कितीतरी खात्यांमध्ये हे यंत्र वर्षानुवर्षं दिवसरात्र बेरीज करत होतं. त्या बेरजेवर आपलं कापड उभं होतं, आणि तिला जपणारे हात काकांसारख्यांचे. गिरण्यांच्या जमिनींबद्दल आपण पुष्कळ बोललो. त्या यंत्रांमधलं जे ज्ञान फिटरांच्या बोटांत होतं, त्याची नोंद फार थोडी झाली, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

काका गेल्यावर मी कागद घेतला. कवच सरासरीनं फिरतं, म्हणजे १९ च्या दोन्ही बाजूंना बघायचं. १८ आणि २०. १८ म्हणजे २ × ३ × ३. २० म्हणजे २ × २ × ५. दोन्ही डब्यातले! एका बाजूची दांडी १८ फेरे फिरवली, दुसरी २०, की कवच १९ फिरणार. राहिला २३५. त्याची दुप्पट ४७०. या ४७० ची अशी फोड हवी की दोन्ही तुकडे २, ३, ५ चेच असतील. ४५० आणि २०. ४५० म्हणजे २ × ३ × ३ × ५ × ५. आणि २० ची दांडी तर वर्षासाठी आधीच करायची होती. तीच एक दांडी दोन्ही डिफरेन्शिअलमध्ये जाते: १८ बरोबर मिळून वर्ष होते, ४५० बरोबर मिळून चंद्र. त्या क्षणाचा आनंद मी अजून विसरलेले नाही.

बाकीचं जुळवणीचं. ४५० वरून २० वर यायला साडेबावीस पट उतरावं लागतं: तिप्पट, तिप्पट, पाचपट उतरायचं आणि एकदा दुप्पट चढायचं. २० वरून १८ साठी १२ चा गिअर २० ला फिरवतो आणि त्याच दांडीवरचा २४ चा १६ ला. तीन-पंचमांश गुणिले दीड, नऊ-दशांश. २४ आणि १६ पुन्हा अर्ध्या भोकावर. डिफरेन्शिअलच्या दोन्ही बाजू एकाच दिशेनं फिरायला हव्यात, उलट फिरल्या की बेरजेची वजाबाकी होते. म्हणून एका ठिकाणी नुसती दिशा बदलायला एक रिकामा गिअर. हँडल ४५० च्या वेगवान दांडीवरच बसवायचं. संथ दांडीवरून वेग वाढवत नेला तर प्लास्टिकच्या दांड्या पीळ घेतात आणि दाते एकमेकांवरून निसटतात. वेगवान बाजूनं फिरवलं की सगळं हलकं जातं. हँडलचे जवळपास दोन फेरे म्हणजे एक चांद्रमास. चंद्रासाठी अर्धा काळा, अर्धा पांढरा गोळा. खिडकीतून तो कलेकलेनं वाढताना बघितला की हात थांबवावासा वाटत नाही.

हे काम याआधी फार मोठ्या माणसांनी केलेलं आहे. ग्रीसच्या अँटिकिथेरा बेटाजवळ बुडालेल्या जहाजातून १९०१ मध्ये काशाची गंजलेली एक गाठोडी वर आली. ती दोन हजार वर्षांपूर्वीचं खगोलयंत्र निघाली. तिच्यात आजही ३० गिअर ओळखता येतात, आणि मागच्या बाजूला एक मळसूत्री तबकडी आहे, २३५ घरांची. तोच १९ वर्षांचा फेरा. त्या कारागिरानं हवे तितके दाते कानशीनं कापले, १२७ दात्यांचंसुद्धा एक चाक केलं. २०१० मध्ये अँड्र्यू कॅरोल या अमेरिकन अभियंत्यानं ग्रहणं वर्तवणारं ते यंत्र लेगोत उभं केलं. त्याच्याकडे १२७ दात्यांचं चाक नव्हतं, म्हणून त्यानं डिफरेन्शिअलवर डिफरेन्शिअल रचले. त्याआधी कितीतरी वर्षं, १९३४ मध्ये, मँचेस्टरच्या डग्लस हार्ट्री आणि आर्थर पोर्टर यांनी मेकॅनो या खेळण्याच्या भोकांच्या पट्ट्यांतून समीकरणं सोडवणारं यंत्र केलं होतं, आणि ते खरोखरच्या भौतिकशास्त्रासाठी वापरलं गेलं. खेळण्याचा भाग आहे म्हणून उत्तर खेळण्यातलं ठरत नाही.

आता भरती. मुंबईत पावसाळ्यात पाण्याची वेळ माहीत असणं ही गरज आहे. समुद्र चढलेला असला की शहरातलं पाणी नाल्यांतून बाहेर जाऊ शकत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला त्या दिवसानं हे सगळ्यांना शिकवलं. महापालिका दर पावसाळ्याआधी साडेचार मीटरच्या वरच्या भरत्यांच्या तारखा जाहीर करते. मोबाइलवर वेळाही मिळतात. पण ती वेळ चंद्राशी कशी बांधलेली आहे, हे त्या आकड्यात दिसत नाही.

कोकण किनाऱ्यावर याची जुनी रीत आहे: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा, मुंबईत त्या दिवशी भरती बाराच्या आसपास येते, म्हणजे रीत थोडी मागे राहते. खरा हिशेब चार-पंचमांशाचा आहे. ३० तिथींत भरतीची वेळ २४ तास सरकते, दर तिथीला ४८ मिनिटं, म्हणजे नेमक्या दोन घटिका. पाऊणपट ४५ मिनिटं देते. माझा अंदाज असा की पाउणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, सगळ्यांना तोंडपाठ असायची म्हणून पाऊण. होडीत बसून मनातल्या मनात करायच्या हिशेबाला तीन मिनिटांची घट परवडते, आणि पंधरा दिवसांनी तिथी पुन्हा एकपासून सुरू होते, म्हणून चूक साठत जात नाही. फार शहाणी रीत आहे ती.

यंत्राला पाउणकी पाठ करावी लागत नाही. १५ तिथींत १२ तास, म्हणजे बारा तासांच्या तबकडीवर भरतीचा काटा चंद्राच्या काट्याच्या बरोबर दुप्पट फिरायला हवा. दुप्पट! पुन्हा अर्धं भोक. इथे मात्र डिफरेन्शिअलनंच वाट दिली: त्याची एक बाजू घट्ट धरून ठेवा आणि कवच फिरवा, दुसरी बाजू दुप्पट फिरते. तिसरा डिफरेन्शिअल लागला आणि यंत्रावर भरतीचा काटा आला. काकांना दाखवला तेव्हा त्यांनी भिंतीवरच्या कालनिर्णयात तिथी बघितली, हँडल तिथपर्यंत आणलं, आणि काटा बघून म्हणाले, "चल, शिवाजी पार्कच्या बाजूनं बघून येऊ."

काटा सरासरी वेळ दाखवतो. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास तो छापील वेळेच्या जवळ असतो, मधल्या दिवसांत कधी पाऊण तासाचाही फरक पडतो, कारण भरती एकट्या चंद्राची नसते. सूर्यही पाणी ओढतो. चंद्राची भरती १२ तास २५ मिनिटांनी येते, सूर्याची १२ तासांनी, आणि समुद्रात दिसते ती दोघांची बेरीज. लॉर्ड केल्विननं १८७० च्या दशकात अशा बेरजा करणारं यंत्र केलं: प्रत्येक ओढीसाठी एक कप्पी, सगळ्या कप्प्यांवरून जाणारी एकच दोरी, आणि दोरीच्या टोकाला लेखणी. १८७९ मध्ये एडवर्ड रॉबर्ट्सनं तशाच धर्तीचं वीस घटकांचं यंत्र खास भारतीय बंदरांसाठी केलं. अपोलो बंदरला १८७८ पासून भरतीची नोंद होत आलेली आहे.

मला वीस कप्प्या नकोत. दोन पुरतील, एक चंद्राची, एक सूर्याची. एका चांद्रमासात सूर्याच्या भरत्या साधारण ५९ होतात आणि चंद्राच्या ५७. ५७ म्हणजे ३ × १९, आणि १९ कसा काढायचा ते आता माहीत आहे. ५९ मूळ संख्या. तिची दुप्पट ११८. काल रात्री फोड सापडली: १०८ आणि १०. १०८ म्हणजे २ × २ × ३ × ३ × ३, आणि १० म्हणजे २ × ५. दोन डिफरेन्शिअल अजून लागतील. दोरी कुठली घ्यायची ते काका ठरवणार आहेत. त्यांच्या मते साधा दोरा दमट हवेत ताणतो आणि लेखणीचा हिशेब बिघडेल.